जुन्या हार्ड डिस्कना केसिंग (डिस्क आत ठेवून यूएसबीने जोडायचा डबा) लावून वापरायचंय, कोणतं घेऊ? (तीन डिस्क आहेत, तिन्ही वेगळ्या)

कारंजावाली
नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई चालूये आणि माळ्यावरनं चपलेचा एक खोका निघाला, उघडून बघते तर आत तीन हार्ड डिस्क, पप्पांनी प्रत्येक पेपरात गुंडाळून वर रबर लावून ठेवलेली. एक माझ्या कॉलेजच्या लॅपटॉपची ५०० जीबीची, लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तेव्हा काढून ठेवली होती, तिच्यात २०१५ च्या कुंभमेळ्याचे सगळे फोटो आहेत आणि त्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही. दुसरी डेस्कटॉपची १ टीबी, वीट आहे वीट, २०११ च्या शेवटी घेतलेली (पप्पा अजून म्हणतात तेव्हा आपल्याला लुटलं). तिसरी मॅक्सटरची ८० जीबी, हिला मागे ढीगभर पिना आहेत. पप्पांचं नाशिकला रविवार कारंजाजवळ डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) दुकान होतं, लग्नपत्रिका, वास्तुशांती, दहाव्याचे फोटो-कार्ड, सगळं त्या मशीनवर व्हायचं.
एम जी रोडला एका दुकानात विचारलं तर तो खोक्यात डोकावला पण नाही, म्हणे ताई फेकून द्या, एसएसडी घ्या. मला नवीन काही नकोय हो, आधी आतलं बाहेर काढायचंय आणि मग डिस्क चांगल्या असतील तर केसिंगमध्ये टाकून बॅकअपला वापरायच्या. भावाकडे एक छोटं केसिंग आहे पण त्यात लॅपटॉपवाली पण बसेना, पिनाच वेगळ्या दिसतायत. काय घेऊ?

तपोवन_एक्सप्रेस
ताई दुकानदाराचं सोडा, त्याला ५०० रुपयांच्या केसिंगमध्ये काय सुटणार.
लॅपटॉपच्या डिस्कचं आधी बघू. तिच्या पिनांवर एक छोटासा प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असणार, बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आणि मदरबोर्डच्या मध्ये असा जोड असतो, लोकांना तो डिस्कचाच भाग वाटतो. दोन्ही बाजूंनी नखाने हळूहळू सरकवत ओढा, सरळ रेषेत, वाकडा करायचा नाही, निघून येतो. मग खाली एल आकाराच्या दोन पट्ट्या दिसतील, एक छोटी एक लांब, तेच साटा, डिस्क जोडायची हल्लीची पद्धत. दोन्ही बाजूंना पत्र्याची चौकट असेल तर तीही काढा, चारच स्क्रू असतात. आणि तरी बसली नाही तर जाडी मोजा, जुन्या लॅपटॉपच्या डिस्क साडेनऊ मिलीमीटरच्या असतात आणि हल्लीची काही केसिंग फक्त ७ मिलीमीटरवाली येतात, दाबून बसवायला जाऊ नका.
हिला वेगळी वीज लागत नाही, यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. पण फिरायला सुरुवात करताना एकदम जास्त करंट खेचते आणि जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअरच मिळतात, ३ ला ९००. म्हणून डेस्कटॉपला लावत असाल तर पुढच्या पोर्टला नको, मागे थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. लावल्यावर टक्... टक्... असा आवाज येऊन बंद पडली तर लगेच रडू नका, आधी केबल बदला, पोर्ट बदला. वीज कमी पडली तरी तसाच आवाज येतो आणि डिस्क मरायला टेकली तरी तसाच. पोर्ट बदलूनही टकटक चालूच राहिली तर मात्र काढून ठेवा, पुन्हापुन्हा लावून बघायची नाही.
केसिंग यूएसबी ३ चंच घ्या. २ वर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात म्हणजे ५०० जीबी भरलेली असेल तर चार तास धरा, ३ वर तीच डिस्क दीड-दोन तासात मोकळी होते. जुन्या डिस्कचं काय, जितका कमी वेळ फिरवावी लागेल तेवढं बरं.

पिनकोड_४२२
एक शंका, एवढ्या उठाठेवीत एक नवीन डिस्क येते की. १२ वर्षं जुन्या डिस्कवर बॅकअप म्हणजे आजोबांच्या खांद्यावर बसून डोंगर चढणं झालं 😄

तपोवन_एक्सप्रेस
फोटो त्या आजोबांच्याच खिशात आहेत ना भो. केसिंग तर लागणारच.

सातपूरचा_फिटर
१ टीबीवालीबद्दल लिहितो कारण तिथे मी स्वतः हात भाजून घेतलेत.
साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्ट पण लागतात, मोटर त्यावर फिरते, त्यामुळे तिचं केसिंग अडॅप्टरवालंच घ्यावं लागतं, १२ व्होल्ट २ अँपिअर. भावाच्या छोट्या केसिंगला कनेक्टर जुळेल (साटाची पिन दोन्हीकडे सारखीच) पण डिस्क फिरणार नाही, त्या नादाला लागू नका.
आता अडॅप्टर. आपल्या घरात गोल पिनचे किती अडॅप्टर असतात बघा, वायफायचा, सेटटॉप बॉक्सचा, मॉनिटरचा, सगळे काळे, सगळे सारखे, आणि सगळे एकाच ड्रॉवरमध्ये. माझ्या पोराने मॉनिटरचा १९ व्होल्टवाला केसिंगमध्ये खुपसला. पिन बसली की झालं असं त्याला वाटलं. फट् असा बारीक आवाज, जळका वास आणि डिस्क गप्प. सातपूरलाच एक ओळखीचा बोर्ड रिपेअरवाला आहे, त्याने भिंगाखाली बघून सांगितलं की १२ व्होल्टच्या लाइनवरचा संरक्षणाचा डायोड शॉर्ट झालाय, तो स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतो. त्याने तो उपटून काढला आणि डिस्क सुरू झाली! पण आता तिला संरक्षण नाही, म्हणून डेटा काढला आणि ती डिस्क रिटायर केली. तेव्हापासून प्रत्येक अडॅप्टरला पांढरी चिकटपट्टी लावून वर मार्करने नाव लिहिलंय. दुसऱ्या डिस्कचा हिरवा बोर्ड काढून लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची स्वतःची माहिती असते, ती चिप पण हलवावी लागते.
आणखी एक, २०११ च्या शेवटी महाग मिळाली यात पप्पांची चूक नाही. ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला होता, डिस्कचे कारखानेच पाण्याखाली गेले, भाव जवळपास दुप्पट झाले जगभर.

कारंजावाली
दादा पप्पांना आत्ता वाचून दाखवलं, चौदा वर्षांनी माणूस शांत झाला 🙏
आणि तपोवनदादा तो प्लास्टिकचा तुकडा निघाला!! नखाला लागलं पण निघाला. भावाच्या केसिंगमध्ये बसली, लाइट लागली, ड्राइव्ह दिसतोय. पण माझ्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही म्हणतो. माझंच फोल्डर आहे ना??

तपोवन_एक्सप्रेस
तुमचंच आहे पण जुन्या विंडोजमधल्या तुमचं. नव्या विंडोजच्या दृष्टीने तुम्ही परक्या. कंटिन्यू दाबा आणि चहा टाका, आत हजारो फाइल असल्या की परवानग्या बदलायला अर्धा तास पण घेतो, मध्येच केबल ओढू नका. आणि कुठलीही डिस्क लावल्यावर फॉरमॅट करू का किंवा इनिशिअलाइझ करू का असं विचारलं तर दर वेळी कॅन्सल. दर वेळी.

रविवारची_कढी
मॅक्सटर! किती वर्षांनी नाव ऐकलं. सीगेटने २००६ ला विकत घेतली ती कंपनी.
ताई ती आयडीई डिस्क आहे, साटाच्या आधीची पद्धत. ४० पिना, रुंद पट्टा-केबल, शेजारी चार जाड पिनांची वीज. हिच्यासाठी केसिंग शोधत बसू नका, आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, डिस्क उघडीच टेबलावर ठेवायची (खाली वर्तमानपत्र किंवा लाकूड, स्टीलचं ताट नको, खालचा बोर्ड उघडा असतो). पिना वाकल्यात का ते उजेडात बघून घ्या, एक पिन मुद्दामच नसते, ती तुटलेली नाही. आणि पिनांच्या शेजारी एक बारकी टोपी असते, जंपर, ती मास्टरवर हवी, कुठे लावायची त्याचं चित्र डिस्कच्या लेबलवरच छापलेलं असतं. दुकानातल्या मशीनमध्ये ती दुसरी डिस्क म्हणून लावली असेल तर स्लेव्हवर असेल आणि मग कन्व्हर्टरला दिसणारच नाही. माझा एक अख्खा शनिवार यात गेलाय, शेवटी बायकोने विचारलं ती छोटी टोपी कसली, तेव्हा ट्यूब पेटली.
पण खरी गंमत पुढे आहे. डीटीपी म्हणजे पानं जुळवायला पेजमेकर आणि मराठी फॉन्टला श्रीलिपी, बरोबर? फाइल निघाल्या तरी वाचता येतीलच असं नाही. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक) नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, त्यामुळे फॉन्ट नसला की पत्रिकेच्या जागी नुसता भाजीपाला दिसतो. म्हणून फक्त डॉक्युमेंटचं फोल्डर कॉपी करू नका, विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर पण उचला. ८० जीबीच तर आहे, सगळीच्या सगळी उचला.

कारंजावाली
बरोबर काका, पेजमेकर आणि श्रीलिपीच. पप्पा विचारतायत तुम्ही पण त्या धंद्यात होता का.
अपडेट: कुंभाचे फोटो निघाले, सगळेच्या सगळे!!! दोन ठिकाणी ठेवले. १ टीबीसाठी अडॅप्टरवालं केसिंग आणलं, चालू झाली, पण क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये पिवळं कॉशन येतंय. करंट पेंडिंग सेक्टर समोर १६, रीअलोकेटेड शून्य. वाईट का?

तपोवन_एक्सप्रेस
बघा, पेंडिंग म्हणजे डिस्कला ते १६ तुकडे वाचता येत नाहीयेत, पण खराब आहेत असं तिने अजून ठरवलेलं नाही. त्या जागेवर परत काही लिहिलं की ती ठरवते, नीट लिहिलं गेलं तर आकडा कमी होतो आणि नाही तर ती जागा बाद करून राखीव जागा देते, मग रीअलोकेटेड वाढतो. म्हणून आधी डेटा काढा, महत्त्वाचं पहिलं, सिनेमे शेवटी. चेकडिस्क आत्ता चालवू नका, ते डेटा वाचवायला नसतं, फाइल सिस्टीम सरळ करायला असतं. काही फाइल अडकल्या तर सोडून पुढे जा. सगळं निघालं की फुल फॉरमॅट मारा, क्विक नाही, आणि परत आकडे बघा. पेंडिंग शून्य आणि रीअलोकेटेड पण शून्य राहिला तर टीव्हीला सिनेमे बघायला बिनधास्त वापरा. आकडा दर आठवड्याला चढत असेल तर मग पिनकोडभाऊंचे आजोबा.

पिनकोड_४२२
आलो ना शेवटी माझ्यावरच 😄

गोदाकाठ
वाचत होतो, राहवलं नाही. आमचं दुकान सराफ बाजाराच्या बाजूला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी आलं तेव्हा दुतोंड्या मारुती (नदीतली मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरनंच बघतात) केव्हाच बुडाला होता आणि आम्ही वह्या-चोपड्या उचलण्यात गुंतलो, कॉम्प्युटर खालीच राहिला. हिशोबाचा बॅकअप होता, कुठे? त्याच टेबलाखालच्या केसिंगमध्ये. दोन्ही एकत्र भिजले.
भावाने डिस्क उन्हात वाळवून चालू केली आणि जे काही वाचलं असतं तेही गेलं. डिस्क हवाबंद असते असं आम्हाला वाटायचं, पण जुन्यांवर एक बारीक भोक असतं हवेसाठी, शेजारी लिहिलेलं पण असतं की हे झाकू नका. तिथून गाळ आत. रिकव्हरीवाला म्हणाला ओलीच आणली असती तर काही करता आलं असतं.
तेव्हा ताई, तीन डिस्क झाल्या म्हणून तिन्ही एका खोक्यात नका ठेवू, एक मावशीकडे सिडकोला, एक दुसरीकडे. आणि अडॅप्टरवालं केसिंग इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा, कॉपी चालू असताना लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र जागच्या जागी बंद पडते. एप्रिल-मेमध्ये ते केसिंग तासन्‌तास चालवू नका, प्लास्टिकचं असतं, पंखा नसतो, बहुतेक डिस्कची मर्यादा ६० डिग्री आणि आपल्याकडे दुपारी खोलीतच किती असतं ते माहितीये.

कारंजावाली
गोदाकाठदादा वाचून कसंतरी झालं. फोटोंची एक कॉपी मावशीकडे आजच पोचवते.
१ टीबी फुल फॉरमॅट झाली, पाच तास लागले, पेंडिंग शून्य, रीअलोकेटेड पण शून्य. पप्पांचे जुने सिनेमे टाकलेत, टीव्हीवर चालतात.
८० जीबी पण निघाली! जंपर खरंच स्लेव्हवर होता. फॉन्टचं फोल्डर उचललं, पेजमेकर माझ्याकडे नाही पण एक जुनी प्रिंट टू फाइल सापडली, ती पीडीएफ करून उघडली तर वर गणपती, खाली आमचे येथे श्रीकृपेकरून, आणि नाव आत्याचं. २००४. मागच्या मार्चला गेली ती. पप्पांनी दोनदा वाचली, मग म्हणाले मुहूर्ताच्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, तेव्हा लक्षात नाही आलं.

रविवारची_कढी
पप्पांना नमस्कार सांगा. हो, होतो त्या धंद्यात, मेन रोडला. पेजमेकरच्या फाइल उघडायच्या असतील तर माझ्याकडे विंडोज एक्सपीचं जुनं मशीन अजून चालू आहे, पेनड्राइव्हवर घेऊन या, पप्पांना पण आणा.

कारंजावाली
येतो काका, रविवारी. एकच प्रॉब्लेम, लॅपटॉपच्या चौकटीचे स्क्रू १ टीबीच्या केसिंगला लावायला गेले तर फिरतात पण पकड घेत नाहीत.

सातपूरचा_फिटर
थांबा थांबा, जोर करू नका. लॅपटॉपच्या डिस्कला एम ३ लागतो, मोठ्या डिस्कला इंची स्क्रू, थोडा जाड, आटे वेगळे. जुन्या डेस्कटॉपचं कॅबिनेट अजून असेल तर त्यातलेच चार काढा.

कारंजावाली
कॅबिनेट गेल्या दिवाळीत भंगारवाल्याला दिलं 😐