पाखाडी चढवेल एवढंच सामान : कोकणात जाताना बॅग कशी भरता?

गेल्या वर्षी गणपतीला गुहागरजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा चाकांची मोठी बॅग घेतली होती. पाच दिवसांसाठी दहा ड्रेस, दोन साड्या, तीन जोड चपला, केसांचा ड्रायर. चिपळूण स्टेशनापर्यंत बॅगेचा काही त्रास झाला नाही. एसटीतून उतरल्यावर आमच्या घराची पाखाडी लागते. जांभ्याच्या ८२ पायऱ्या, भाद्रपदात शेवाळाने हिरव्यागार. तिथे चाकांचा काय उपयोग? दहा-बारा पायऱ्यांतच एक चाक निखळलं आणि कडेच्या दगडी गडग्याच्या फटीत जाऊन बसलं. तेवढ्यात वरून काका आले. एक शब्द न बोलता बॅग खांद्यावर घेतली आणि चालू लागले. त्यांचं वय ६८. मागून चढताना मला त्यांच्या पोटरीच्या ताणलेल्या शिरा दिसत होत्या. त्या बॅगेतले सहा ड्रेस तर मी परत येईपर्यंत उघडलेही नाहीत.

त्या दिवसापासून एकच माप धरलंय. जे ओझं मी एकटी, पावसात, कुणाला हाक न मारता पाखाडी चढवू शकत नाही, ते घरीच राहील. माझ्यासाठी हे माप सात किलो निघालं. काट्यावर आधी नुसती उभी राहते, मग बॅग पाठीला लावून, आणि फरक बघते. तुमचं माप काय? काय घेता, काय वगळता, सगळं सविस्तर लिहा. पावसाळ्याचे अनुभव तर हवेतच.

रत्नागिरी, नोकरीत फिरती

जून ते सप्टेंबर दर महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेर असतो. पावसाळ्यात कपडे किती घ्यायचे हे दिवसांवर ठरत नाही, ते वाळण्यावर ठरतं. सुती शर्ट आणि जीन्स दोन-दोन दिवस दमट राहतात, मग त्यांना कुबट वास धरतो. टेरिकॉटचा शर्ट रात्री धुऊन पिळला आणि पंख्याखाली टाकला तर सकाळी अंगात घालता येतो. म्हणून तीनच जोड नेतो. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा.

गुंडाळायची पद्धत सांगतो, कारण सगळं यश त्यातच आहे. शर्टाची बटणं लावायची, पलंगावर पालथा घालायचा, बाह्या पाठीवर आत घ्यायच्या, हाताने सुरकुती सारखी करायची आणि खालच्या काठाकडून कॉलरकडे घट्ट वळकटी करायची. एका दिवसाची वळकटी, आतले कपडे आणि मोजे जाड पिशवीत टाकायचे. पिशवीवर गुडघा ठेवून हवा काढायची, तोंड पिळून रबर लावायचं. बॅग भिजली तरी आतलं कोरडं. आणि रोज एकच पिशवी उघडते, त्यामुळे बाकीची बॅग विस्कटत नाही.

चामडी चप्पल नेऊ नका. दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी येते.

वैभववाडी तालुका

आमच्याकडे गाडी दोन मिनिटं थांबते. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं खरं, पण दोन मिनिटांत दारातल्या गर्दीतून ४० किलो खाली कसं उतरवणार? आई-बाबा पूर्वी पाच-सहा लहान पिशव्या घेऊन यायचे. एकदा गणपतीच्या गर्दीत औषधांची पिशवी सीटखाली राहून गेली आणि गाडी सुटली. बाबांची बीपीची गोळी त्यातच होती. ती रात्र मी विसरणार नाही. आता नियम असा की माणशी दोनच नग. एक पाठीवर, एक हातात. औषधं आणि चष्मा कायम अंगाबरोबरच्या पिशवीत. उतरायच्या आधीच्या स्टेशनाला नग मोजून दाराशी आणायचे.

पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, पोचेपर्यंत अंधार होतो. टॉर्च आणि छत्री बॅगेच्या तळाशी असली तर तिचा काय फायदा?

दापोली, वय ७४

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ साली. त्याआधी आम्ही रातराणीने यायचो. ट्रंक, वळकटी, पिंप, सगळं एसटीच्या टपावर. एकदा टपावर चढवलं की ओझं माणसाच्या डोक्यातून जायचं, म्हणून कुणी कमी आणायचं नाही. आता सामान मांडीवर घेऊन बसावं लागतं. मी दोन धोतरं, दोन सदरे, पंचा आणि दाढीचं सामान एवढंच आणतो. पंचा टॉवेलपेक्षा लवकर वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, वेळेला पिशवी म्हणूनही चालतो.

ठाणे, माहेर कुडाळ

सगळे जातानाचं लिहितायत, मी येतानाचं लिहिते. कोकणातून रिकाम्या हाताने कुणी परत आलंय का? कुळथाचं पीठ, तांदळाचं पीठ, आमसुलं, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, सुकट, नारळ. आई प्रेमाने भरते, तिला नको कसं म्हणणार? म्हणून मी बॅग जातानाच अर्धी रिकामी ठेवते आणि आईला फोनवरच सांगते की पिठं एकेक किलोच.

एकदा आगळाची बाटली आडवी ठेवली होती. दादरला उतरेपर्यंत तीन कुडते जांभळे झाले, कितीही धुतले तरी डाग गेला नाही. आता बाटली काठोकाठ भरत नाही, दोन बोटं जागा सोडते. झाकणाखाली प्लास्टिकचा दुहेरी तुकडा, वर घट्ट झाकण, मग पिशवीत गाठ मारून स्टीलच्या उभ्या डब्यात. कडेने आमसुलं भरायची, बाटली हलत नाही. सुकट मात्र कपड्यांच्या बॅगेत अजिबात नको. घट्ट झाकणाचा डबा, त्यावर दोन पिशव्या, आणि तो हातात.

हापूस बॅगेत कोंबू नये. बंद बॅगेत उबतो आणि दबतो. कडक फळ घ्यायचं, पेंढा घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्याला भोकं. तो एक नग आधीच हिशोबात धरायचा.

मालवण

किल्ल्यावर येणाऱ्यांना एवढंच सांगणं. सिंधुदुर्गला होडीने जावं लागतं, चढता-उतरता दोन्ही हात मोकळे हवेत. मोठी बॅग खोलीवर ठेवून या.

पनवेल, दोन लहान मुलं

मुलांच्या कपड्यांनीच माझी बॅग भरायची. आजीने त्यावर तोड काढली. गावच्या पेटीत प्रत्येकाचा एक जोड कायमचा ठेवलाय, घरात घालायचे जुने मऊ कपडे. पावसाळा सरला की आजी ते अंगणात उन्हं देते आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा पेटीत ठेवते. पांघरूण तर न्यायचंच नाही, तिच्या लुगड्याची वाकळ आहे. मुलं गेल्या गेल्या पेटी उघडतात, कपडे आखूड झालेत का ते अंगाला लावून बघतात. आखूड झालेले शेजारच्या घरातल्या धाकट्या मुलांना जातात.

धागाकर्ती, पुन्हा

गणपती करून कालच परत आले. सगळ्यांचं वाचून बॅग भरली होती. गुंडाळलेल्या तीन पिशव्या, एक साडी, पंचा, औषधं वर. काट्यावर साडेसहा किलो. येताना आगळ कुडाळच्या ताईंच्या पद्धतीने आणलं, एक थेंब सांडला नाही. जाताना काका पाखाडीच्या टोकाशी उभेच होते. माझ्या मागे वाकून बघत विचारलं, "बाकीचं सामान मागनं येतंय काय गं?"