मदत हवी आहे : घरच्या कार्यशाळेसाठी वायरवर चालणारी ड्रिल मशीन कोणती घ्यावी?

खिळेमोळे
नमस्कार. घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी वायरवर चालणारी एक चांगली ड्रिल मशीन घ्यायची आहे. विक्रीच्या संकेतस्थळांवर ५०० वॉटपासून ८५० वॉटपर्यंत इतकी यंत्रे दिसतात आणि प्रत्येकाखाली ‘उत्तम’ व ‘टाकाऊ’ असे दोन्ही अभिप्राय इतक्या खात्रीने दिलेले असतात की, वाचून वाचून डोके भणभणले तरी निर्णय होत नाही. शनिवारी काम सुरू करायचे आहे, त्यामुळे कृपया गुरुवारपर्यंत थेट यंत्र सुचवावे. बॅटरीवरची यंत्रे सुचवू नयेत, तो विचार करून झालेला आहे. खर्चाची मर्यादा साधारण चार हजार रुपये.

रंधापटाशी
भोके कशात पाडायची आहेत, सर्वांत मोठे भोक किती मिलिमीटरचे आहे आणि यंत्र रोज वापरणार की महिन्यातून एकदा, हे तिन्ही आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय नाव सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

मुक्तहस्त
बॅटरीवरची नको असे आपण लिहिले आहे हे मी वाचले, तरीही सांगतो की हल्लीच्या १८ व्होल्टच्या ब्रशलेस यंत्रांनी वायरची गरज जवळजवळ संपवलेली आहे. माझे सगळे कपाट मी तसल्याच यंत्रावर जोडले. वायर पायात येत नाही आणि गच्चीवरही काम करता येते.

खिळेमोळे
मुक्तहस्त, धन्यवाद, परंतु नको. दोन-दोन महिने यंत्र पेटीत पडून राहते, नेमक्या वेळी बॅटरी उतरलेली असते आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची म्हटले की नव्या यंत्राच्या जवळपास पैसे जातात. रंधापटाशी, लाकडात आणि थोडे लोखंडात भोके पाडायची आहेत. घरात असतात तशीच सर्वसाधारण कामे आहेत.

निवृत्त टूलरूम
‘थोडे लोखंड’ यात सगळी गोम आहे. पत्र्यात तीन मिलिमीटरचे भोक पाडणे हेही थोडे लोखंड आणि अँगलमध्ये बारा मिलिमीटरचे भोक पाडणे हेही थोडे लोखंडच, पण पहिले काम कोणतेही यंत्र करते आणि दुसऱ्या कामात निम्मी यंत्रे धूर काढतात. लोखंडाची जाडी आणि भोकाचा व्यास कृपया सांगावा.

खिळेमोळे
पाच मिलिमीटर जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे नरम लोखंड) अँगलची टेबलाची चौकट करायची आहे, तिला बारा मिलिमीटरचे बोल्ट लागतील. लाकडात म्हणाल तर अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दारांना ३५ मिलिमीटरच्या वाटीच्या बिजागऱ्या बसवायच्या आहेत. आता तरी नाव सांगावे.

निवृत्त टूलरूम
आता बोलता येईल. आपण वॉट पाहत आहात, पण या दोन्ही कामांत आधी पाहायचे आहेत ते फेरे. हायस्पीड स्टीलच्या साध्या बिटाने (भोक पाडणाऱ्या पात्याने) नरम लोखंड कापताना बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर ठेवावा, असे कोणत्याही टूलरूममध्ये शिकवतात. त्या हिशेबाने पाच मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे १६०० फेरे चालतात, तर बारा मिलिमीटरच्या बिटाला जेमतेम ६५० हवेत. बाजारातील बहुतेक स्वस्त यंत्रे एकाच गिअरची असून त्यांचा कमाल वेग २८०० ते ३००० फेऱ्यांचा असतो. बटण अर्धे दाबून वेग खाली आणता येतो हे खरे, पण मग मोटरचा पंखाही तितकाच सावकाश फिरतो, गार हवा कमी मिळते आणि नेमका त्याच वेळी बिटावरचा भार सर्वांत जास्त असतो. दहा-पंधरा भोकांतच कॉइलचा वार्निश जळल्याचा वास येऊ लागतो. याउलट बटण पूर्ण दाबले तर बिटाची धार निळी पडते आणि पुढे ते बिट लोखंडावर नुसते घासत राहते.

म्हणून दोन गिअर असलेले, १३ मिलिमीटर चकचे (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), बटणावर वेग बदलणारे आणि बाजूची मूठ असलेले यंत्र घ्यावे. पहिल्या गिअरमध्ये कमाल वेग हजार-अकराशे फेऱ्यांच्या आसपास राहतो, मोटर मात्र आतमध्ये आपल्या नेहमीच्या वेगाने फिरत असते आणि गिअरमुळे पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढून मिळतो. कंपनी कोणतीही चालेल, फक्त तिचे दुरुस्ती केंद्र आपल्या गावात असावे. बॉश, मकिता, डिवॉल्ट, स्टॅनले यांपैकी जे जवळ असेल ते पाहावे.

वीजजोडणी
वॉट दुर्लक्षावेत हे पटत नाही. माझ्याकडे ६०० वॉटचे एकाच गिअरचे यंत्र आहे आणि त्यावर मी लोखंडी ग्रिलची कितीतरी कामे केली आहेत. मोटरमध्ये दम असेल तर गिअर लागत नाही.

निवृत्त टूलरूम
खोक्यावर छापलेले वॉट हे यंत्र विजेच्या जोडणीतून किती घेते ते सांगतात, चकपाशी किती पोहोचते ते नव्हे. त्यांतील बराच भाग उष्णतेत आणि पंख्यात जातो. आपल्या ग्रिलमध्ये भोके किती मिलिमीटरची होती?

वीजजोडणी
सहा आणि आठ.

निवृत्त टूलरूम
मग आपला अनुभव खरा आहे आणि तो बाराला लागू होत नाही.

रंधापटाशी
बिजागरीच्या वाटीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ३५ मिलिमीटरच्या फोर्स्टनर बिटाची (लाकडात सपाट तळाचे मोठे भोक पाडणारे बिट) दांडी साधारण आठ किंवा दहा मिलिमीटरची असते, त्यामुळे त्या कामाला चक दहाचे असले तरी चालते. अडचण वेगळीच आहे. हे बिट हजार फेऱ्यांच्या आतच चालवावे, नाहीतर प्लायवूडमधला डिंक करपतो, भोकाची भिंत काळी पडते आणि बिटाच्या कडेला तपकिरी खर धरते. ही खर एकदा धरली की धार असूनही बिट कापत नाही, मग माणूस जोर लावतो आणि बिट वाकडे उतरते. वाटीची खोली बारा-साडेबारा मिलिमीटर असते, म्हणजे अठराच्या प्लायवूडमध्ये मागे साडेपाच मिलिमीटरच उरतात. बाजूच्या मुठीला खोली मोजणारी जी सळई येते ती टाकून देऊ नये, पण फोर्स्टनरसाठी तिच्यावर विसंबूही नये. यंत्र जरा तिरके झाले की वाटीचा तळ एका बाजूला खोल जातो. स्वतंत्र स्टँड घेता आला तर उत्तम, आणि त्यासाठी चकमागचा गळा ४३ मिलिमीटरचा आहे ना, हे खरेदीआधी पाहावे, कारण बहुतेक स्टँड त्याच मापाचे असतात.

हातोडा
एवढी चर्चा कशासाठी? सरळ रोटरी हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोकेही मारणारे यंत्र, घ्यावा. भिंत, लाकूड, लोखंड, सगळे एकाच यंत्रात होते. लाकडासाठी वेगळा चक लावता येतो आणि ठोका बंद करून नुसते फिरवताही येते. मी गेली कित्येक वर्षे दुसरे यंत्र वापरलेले नाही.

रंधापटाशी
हातोडा साहेब, मूळ प्रश्नात भिंत कोठेच नाही. शिवाय एसडीएस दांडीवर (रोटरी हॅमरमध्ये बसणारी खाचांची दांडी) वेगळा चक चढवला की यंत्र वीतभर लांब होते आणि बिटाचे टोक डुलते. भिंतीत ते डुलणे कोणाच्या लक्षात येत नाही, पण बिजागरीच्या वाटीत एक मिलिमीटर म्हणजे दार घासणार. पापड लाटायला वरवंटा कशाला?

खिळेमोळे
भिंतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, टेबल झाले की त्याच यंत्राने पुस्तकांचे रॅकही भिंतीला लावायचे आहे. वेगळे लिहिण्याची गरज वाटली नव्हती, भिंत तर प्रत्येक घराला असते.

निवृत्त टूलरूम
प्रत्येक घराला असते, पण प्रत्येक घराची वेगळी असते. इमारत किती जुनी आहे आणि भिंत कशाची आहे?

खिळेमोळे
पुण्यात ताथवड्याजवळ नवी इमारत आहे, बावीस मजली. भिंती कशाच्या आहेत हे कसे ओळखायचे? मागे पडद्याच्या दांडीसाठी शेजाऱ्यांचे साधे ड्रिल आणले होते तेव्हा पाव इंचही आत गेले नव्हते, एवढे आठवते.

साइट इंजिनीअर
मग बहुधा ती मायवान पद्धतीची इमारत आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत स्लॅब आणि भिंती एकत्र ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा विटेच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. उंच इमारतींत हल्ली हेच फार दिसते. अशा भिंतीत साध्या इम्पॅक्ट ड्रिलने माणूस रडकुंडीला येतो, आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि आपण मागून जेवढे रेटू तेवढाच त्याला जोर मिळतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने आतला हातोडा फेकतो. ठोके संख्येने बरेच कमी, परंतु लहान हॅमरचाही एकेक ठोका दोन जूलच्या आसपास असतो आणि आपल्याला यंत्र फक्त धरून ठेवावे लागते.

विटेच्या भिंतीत किंवा कोकणातल्या जांभ्यात इम्पॅक्ट ड्रिल पुरून उरते. जांभ्यात तर ठोका जपूनच वापरावा, भोक हवे त्यापेक्षा मोठे होते आणि स्क्रूसाठी ठोकलेला प्लॅस्टिकचा प्लग फिरत राहतो. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये (हवेचे बुडबुडे असलेल्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांत) ठोका पूर्ण बंदच ठेवावा. आणखी एक गोष्ट : मायवानच्या भिंतीत विजेचे पाइप ओतण्याआधीच बसवलेले असतात, त्यामुळे स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये.

हातोडा
म्हणजे मी पहिल्यापासून रोटरी हॅमर सांगत होतो ते बरोबरच होते.

रंधापटाशी
आपले उत्तर बरोबर निघाले, प्रश्न मात्र नंतर आला.

इतिहासाचा विद्यार्थी
विषयाला थोडे सोडून आहे, पण कोणाला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. हातात धरायचे विजेचे ड्रिल जर्मनीतील स्टुटगार्टच्या विल्हेल्म फाइन यांनी १८९५ साली बनवले. आज आपण पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचे बटण पाहतो, त्याचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांना १९१७ मध्ये मिळाले. वायरवरच्या ड्रिलचे रूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

खिळेमोळे
माहिती चांगली आहे, पण आज बुधवार आहे. एक यंत्र घ्यायचे की दोन, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे.

निवृत्त टूलरूम
एकच घ्यावे, दोन गिअरचे ड्रिल. रॅकला भोके किती लागणार? आठ किंवा दहा. तेवढ्यासाठी हॅमर विकत घेण्यापेक्षा एका दिवसाच्या भाड्याने आणावा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवावे. त्याच्या पिशवीत हॅमर असतोच. मात्र ‘शंभर वस्तूंचा संच मोफत’ अशी खोकी टाळावीत. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी त्यातील बिटांची गत असते.

नागदेवीकर
चार हजारांत चांगल्या कंपनीचे दोन गिअरचे यंत्र मिळणे अवघड आहे, थोडी मर्यादा वाढवावी लागेल. मुंबईला येणे होत असेल तर नागदेवी स्ट्रीटला यावे, तिथे यंत्र हातात घेऊन पाहता येते. मी एकदा घरबसल्या मागवलेले यंत्र दुरुस्ती केंद्रात नेले, तर बिलावरचा विक्रेता अधिकृत नाही म्हणून वॉरंटी नाकारली आणि एका कार्बन ब्रशसाठी (मोटरला वीज पोहोचवणारा, झिजणारा कार्बनचा तुकडा) तीन आठवडे ताटकळत ठेवले. तेव्हापासून मी शिक्क्याचे बिल देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करतो आणि त्याच दिवशी कार्बन ब्रशचा एक जोड जास्तीचा घेऊन ठेवतो.

वीजजोडणी
मर्यादा वाढवायचीच असेल तर आधी एक्स्टेन्शनची वायर बदला. ७०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर तीन अँपिअरच घेते, पण लोखंडात बिट अडकले की त्याच्या कितीतरी पट ओढते. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडते आणि दोष यंत्राला जातो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी आणि गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून वापरावी. यंत्राला दोनच पिनांचा प्लग आला म्हणून घाबरू नये. पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे असते आणि त्याला अर्थिंग लागत नाही.

खिळेमोळे
मर्यादा साडेपाच हजार केली. उद्या संध्याकाळी दुकानात जात आहे. चक चावीचे घ्यावे की हाताने आवळायचे? आणि दुकानात यंत्र नीट आहे हे कसे तपासायचे?

निवृत्त टूलरूम
बारा मिलिमीटरचे बिट लोखंडात चालवायचे असल्याने चावीचे घ्यावे आणि चावी तिन्ही भोकांतून फिरवून आवळावी. एकाच भोकातून आवळले की बिट भाराखाली चकमध्ये घसरते आणि त्याच्या दांडीवर चरे पडतात. दुकानात आठ मिलिमीटरचे नवे, सरळ बिट लावायला सांगावे, ठोका बंद करावा आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू फिरवून बिटाचे टोक पाहावे. टोक एका जागी स्थिर दिसले पाहिजे. ते गोल काढत असेल तर बिट अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि तरीही तसेच राहिले तर दुसरे खोके उघडायला सांगावे. मग यंत्र बंद करून चक बोटांनी धरून आडवे हलवावे. ठोक्याच्या यंत्रात पुढेमागे किंचित हालचाल असतेच, आडवी मात्र नसावी. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

मुक्तहस्त
बॅटरीवरच्या यंत्रातही हे सगळे असेच तपासता येते.

खिळेमोळे
दोन गिअरचे, १३ मिलिमीटर चकचे घेतले. पहिले खोके परत केले, टोक गोल काढत होते. फक्त दुकानातून बाहेर पडल्यावर लक्षात आले की सोबत एकही बिट नाही. शनिवारसाठी नेमकी कोणती घ्यावीत?

रंधापटाशी
लाकडासाठी कार्बाइड टोकाचे ३५ मिलिमीटरचे फोर्स्टनर एकच, पण चांगले घ्यावे. प्लायवूडमधला डिंक साध्या स्टीलची धार लवकर खातो.

निवृत्त टूलरूम
लोखंडासाठी हायस्पीड स्टीलची पाच आणि बारा मिलिमीटरची प्रत्येकी दोन, एक सेंटर पंच (भोकाच्या जागी ठोकून खूण करायची टोकदार सळई) आणि थोडे कटिंग ऑइल. आधी पंच, मग पाच, मग बारा, आणि अँगल शिकंज्यात पक्का आवळूनच. बिट पलीकडे निघताना दाब कमी करावा, कारण अडकते ते तिथेच आणि मनगट पिरगळते तेही तिथेच. हातमोजे घालू नयेत, चष्मा घालावा.