मदत हवी आहे: समुद्राच्या 48 तास जुन्या उपग्रह तापमान-नकाशावरून आजची कड (गरम आणि थंड पाणी जिथे भेटतं ती रेघ) कशी काढायची?

शेवटचं स्वच्छ इन्फ्रारेड चित्र 48 तासांपूर्वीचं आहे, नंतर ढगच. त्यात 2 अंश फरकाची कड सुरेख दिसते: रंगपट्टी 25 ते 29 अंशांवर आवळली की अगदी रेघ ओढल्यासारखी. मायक्रोवेव्ह उपग्रह-चित्र ढगांतून बघतं, पण त्याचा बारकावा साधारण 25 किमी. कड पुसलीच जाते. तीन दिवसांचं एकत्रित चित्रही पसरट. हरितद्रव्याचा (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा) नकाशा ढगांपुढे तितकाच आंधळा.

1 नॉटचा (तासाला 1 सागरी मैल) प्रवाह कडेला आडवा असेल तर दिवसाला 24 सागरी मैल फरक पडतो. बोटीवरचा तापमापक तपासलेला आहे, पण डिझेल एकाच जागेपुरतं. शोधत फिरणं जमणार नाही.

कड पुढे सरकवताना प्रवाहाचा वेग पूर्ण धरता की थोडाच, आणि समुद्रपातळीच्या नकाशातल्या भोवऱ्याची (गोल फिरणाऱ्या मोठ्या प्रवाहाची) कडा त्यासाठी कितपत भरवशाची?