मदत हवी आहे : हिमनदी मागे हटते, मग बर्फ पुढे कसा?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून हिमनदीवर डोकं लावतोय, हसू नका. नववीतल्या भाचीला उन्हाळी शिबिरात गंगोत्री हिमनदीची प्रतिकृती मांडायची आहे आणि काम मामाच्या गळ्यात आलंय.

जमाखर्च कळला. वर पडलेला भुसभुशीत हिम वर्षानुवर्षं दबून घट्ट बर्फ होतो, ती जमा. खाली वितळतो, तो खर्च. दोन्ही जिथे सारखे, ती समतोल रेषा. गंमत म्हणजे मध्य हिमालयात जमाही बरीचशी पावसाळ्यातच होते, वितळण्याच्याच दिवसांत. पगार आणि उधारी एकाच तारखेला! काराकोरमला मात्र हिवाळ्यातले पश्चिमी झंझावात हिम पुरवतात.

अडलंय पुढे. गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं खालचं टोक. भाची विचारते, "मामा, गोमुख मागे चाललंय, म्हणजे बर्फही मागे सरकतो का?" म्हटलं, नाही गं, बर्फ उतारावरून खालीच वाहतो. टोकाशी येतो त्याहून जास्त वितळतो, म्हणून टोक मागे जातं. "मग हलतं दाखव!" मैदा-डिंकाचा लगदा उतारावर ओतून पाहिला, तो जागचा हलेना. काय मिसळू?

शिवाय दगडमातीचा पातळ थर वितळणं वाढवतो, जाड थर उलट बर्फाला झाकून वाचवतो, हेही तिला दाखवायचंय. बर्फाच्या लादीवर काळी रेती टाकून जमेल का, थर साधारण किती जाड ठेवावा? शिबिर शनिवारी आहे. कुणी करून पाहिलं असेल तर लवकर सांगा, फोटो असतील तर फारच बरं.