एकही मॅच न हरता भारत थेट क्वार्टरफायनलला का नाही गेला?

कोपरीची_आई:
लेक सातवीत आहे, जूनपासून हॉकीला जाते. परवा 2023 च्या वर्ल्डकपचे जुने हायलाइट्स लावून बसली होती. भारताने स्पेनला 2-0 हरवलं, इंग्लंडशी 0-0, वेल्सला 4-2. गटात एकदाही हार नाही. तरी न्यूझीलंडशी आणखी एक मॅच खेळायला लागली आणि तिथेच कपच्या शर्यतीतून बाहेर पडलो. "आई, ही चीटिंग आहे ना?" मला क्रिकेटचा नेट रनरेटसुद्धा धड कळत नाही. तिला सांगता येईल असं कोणी समजावेल का?

ऐरोली_राइटहाफ:
चीटिंग नाही हो ताई. मी ऑफिसच्या टीमकडून वीस वर्षं खेळलो, मग गुडघा रुसला म्हणून टेक्निकल टेबलावर बसायला लागलो. तिथे बसलं की खाल्लेला प्रत्येक गोल आपल्याच हाताने लिहावा लागतो, त्यामुळे हा हिशेब माझ्या अंगवळणी पडलाय.

त्या वर्ल्डकपला सोळा टीम, चार गट होते. गटात पहिला तो थेट क्वार्टरफायनलला, चौथा कपच्या शर्यतीतून बाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांची वेगळ्या गटातल्या तिसऱ्या-दुसऱ्या नंबरवाल्यांशी गाठ, तो क्रॉसओव्हर. भारत आणि इंग्लंड, दोघांचे 7 पॉइंट. मग बघतात जास्त मॅच कोणी जिंकल्या. दोघांच्या दोन-दोन. मग गोलफरक. इंग्लंडने वेल्सला 5-0 आणि स्पेनला 4-0 धुतलं होतं, म्हणजे अधिक 9. आपण 6 मारले, 2 खाल्ले, अधिक 4. झालं, दुसरा नंबर.

त्यात शेवटच्या दिवशी इंग्लंडची मॅच आधी संपलेली. वेल्सला आठ गोलांनी हरवलं तरच गट आपला, हे आपल्या पोरांना उतरतानाच माहीत होतं. आठ! आणि झालं काय, तर 2-0 वरून वेल्सने पेनल्टी कॉर्नरवर दोन परत केले. 2-2 झाल्यावर मी टीव्ही बंद करून दूध आणायला खाली गेलो. जिंकलो ते नंतर कळलं.

वाशी_डाऊन_लोकल:
काका, न्यूझीलंडची मॅच विसरलात? 3-1 पुढे होतो, 3-3 झाली आणि शूटआउटमध्ये 5-4 ने गेली. ती जखम अजून ओली आहे. ताईंना शूटआउटही सांगा, लेक विचारणारच.

ऐरोली_राइटहाफ:
विसरतोय कसला. ताई, हे फुटबॉलसारखं बॉल ठेवला आणि मारला, असं नाही. बॉल 23 मीटरच्या रेघेवर, शिट्टी वाजली की फक्त 8 सेकंद. गोली पुढे धावत येतो, तुम्ही त्याला चकवायचं. त्याच्या पॅडला लागून परत आला तरी वेळ शिल्लक असेल तर पुन्हा मारता येतो. हूटर वाजला की संपलं. दोघांना पाच-पाच संधी, तरी बरोबरी राहिली तर सडन डेथ, म्हणजे एकेक संधी, एकाने घातला आणि दुसऱ्याचा हुकला की निकाल. आपण सडन डेथमध्येच गेलो. त्या वर्ल्डकपची फायनलसुद्धा 3-3 होऊन शूटआउटमध्येच सुटली, जर्मनीने बेल्जियमला हरवलं. घरी करून बघा. मोबाइलवर 8 सेकंद लावा, तोंडाने मोजू नका, तोंडाने मोजताना आपण स्वतःला सूट देतो.

कोपरीची_आई:
केलं! पार्किंगमध्ये. 23 मीटर कुठले मिळायला, लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जेवढं झालं तेवढं. वॉचमनकाका गोली, पुढे बादलीचं झाकण धरून. पहिल्या वेळी ती काकांना वळसा घालेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्या वेळी सहाव्या सेकंदाला बॉल जोशीकाकूंच्या स्कुटीखाली. गोलफरक मात्र तिला लगेच कळला, "म्हणजे वेल्सचे ते दोन खायला नको होते" म्हणाली. आता विचारतेय, बॉल स्कुटीला लागून परत आला असता तर चाललं असतं का?

ऐरोली_राइटहाफ:
स्कुटीने पॅड घातले होते का?