केबिन बॅगेत लेन्सचं सोल्यूशन कसं न्यावं? सल्ला हवा

सुमुखी
पुढच्या आठवड्यात आई आणि मी आठ दिवस परदेशी जातोय. मध्ये एकदा विमान बदलायचंय, सामान फक्त केबिनचं. शाम्पू, फेसवॉश, आईचं खोकल्याचं औषध आणि माझं लेन्सचं सोल्यूशन. बाटली ३०० एमएलची आहे, पण तळाला जेमतेम ८० उरलंय. चालेल ना? नवीन खर्च नको, घरात आहे त्यातच भागवायचंय.

खिडकीवाला
नाही चालणार. केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी १०० एमएलपर्यंतचीच बाटली चालते, आणि बाटलीवर छापलेलं माप बघतात, आत किती उरलंय ते नाही. माझी २०० एमएलची टूथपेस्ट होती, खालून गुंडाळत गुंडाळत पार मानेपर्यंत आणलेली. तपासणीवाल्याने ती शांतपणे उलगडली, आकड्यावर बोट ठेवलं आणि टाकली कचऱ्यात. सिलिकॉनच्या बाटल्यांचा संच घ्या, चांगल्या कंपनीचा. माझ्याकडे तीन आहेत.

उडती_चटई
+१, माप बाटलीचं. पण सिलिकॉन नको हो! वर गेल्यावर केबिनमधला दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पू बाहेर. माझे सगळे मोजे सुगंधी झाले होते.

खिडकीवाला
तुमचं झाकण सैल असणार. काठोकाठ भरू नका आणि दाबून हवा काढून मग झाकण लावा, काही होत नाही.

नानाकाका
हे सगळं २००६ पासून. ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीस आला, तेव्हापासून प्रत्येक बाटली १०० एमएलपर्यंत आणि सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. त्याआधी आम्ही अख्ख्या बाटल्या न्यायचो.

चार्जर_कुठाय
काका, ते जुनं झालं. आता बॅगेच्या आतलं सगळ्या बाजूंनी दाखवणारे सीटी स्कॅनर आलेत, मी परवाच अख्खी बाटली नेली.

उडती_चटई
सगळीकडे नाही आलेत. युरोपीय संघाने तर १ सप्टेंबर २०२४ पासून नव्या स्कॅनरवरही पुन्हा १००ची मर्यादा आणली होती, पुढे काही यंत्रांना सूट दिली. सुमुखी, विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तर तिथला नियम लागेल. पहिल्या विमानतळावर सुटलेली बाटली दुसऱ्यावर कचऱ्यात जाऊ शकते.

चार्जर_कुठाय
बरं, पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू नका कोणी.

खिडकीवाला
इथे चेक-इन आहेच कुठे? धागा वाचा आधी.

थेंबेथेंबे
कोणी मुद्द्याचं बोलतच नाहीये. लेन्सचं सोल्यूशन दुसऱ्या बाटलीत ओतायचं नसतं, निर्जंतुक राहत नाही. डोळ्यांशी खेळ नको. कंपनीचीच १०० एमएलच्या आतली छोटी बाटली घ्या. आईच्या औषधाला बहुतेक ठिकाणी मर्यादेतून सूट असते, प्रवासात लागेल तेवढंच न्या. मूळ बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा, आणि त्यांनी विचारायच्या आत आपणच काढून दाखवा.

नानाकाका
औषध मूळ बाटलीतच ठेवा.

खिडकीवाला
शाम्पूसाठी मात्र सिलिकॉनच.

सुमुखी
सगळ्यांचे आभार. औषध चिठ्ठीसकट वेगळं काढलंय. शाम्पू-फेसवॉश दोन्ही रद्द, घरात साबणाची वडी आहे, ती द्रवात मोजत नाहीत. आणि सोल्यूशन घरीच राहील, आठ दिवस जुना चष्मा लावेन.

खिडकीवाला
चष्म्याची डबी तरी चांगल्या कंपनीची घ्या.