फेस्टवाल्यांनी गाणं काढायला सांगितलंय, रॉकवाले सेन्सॉरविरुद्ध बोलले त्याने कधी फरक पडला का?

बेसवाला_दादर:
आमचा मराठी रॉक बँड आहे, पुढच्या महिन्यात एका कॉलेज फेस्टला वाजवायचंय. आयोजकांनी सगळ्या गाण्यांचे शब्द टाइप करून मागितले, आम्ही दिले, आणि परवा फोन आला की वस्ती पाडण्यावरचं गाणं तेवढं काढा. कुठली ओळ खटकली विचारलं तर म्हणे वरून सांगितलंय. अरे त्यात एक शिवी नाही, कुणाचं नाव नाही, बुलडोझर आला तेव्हा कुकर गॅसवर तसाच राहिला एवढंच आहे. ड्रमर म्हणतो गपचूप बाकीची वाजवून येऊ, मला नाही पटत. बाहेरचे मोठे रॉकवाले उघड बोलले त्याने काही झालं का खरंच?

जुनी_कॅसेट:
१९ सप्टेंबर १९८५ ची अमेरिकन सिनेटची सुनावणी बघ, व्हिडिओ आहे. टिपर गोर (एका सिनेटरची बायको) वगैरे बायकांची पीएमआरसी नावाची पालकांची संस्था, शब्द मुलांसाठी योग्य नाहीत असं सांगणारं लेबल रेकॉर्डवर लावा म्हणून मागे लागली होती. विरोधात बोलायला रॉकवाला फ्रँक झप्पा सूट-टाय घालून आला, आणि ट्विस्टेड सिस्टर या मेटल बँडचा गायक डी स्नायडर बिनबाह्यांच्या डेनिममध्ये, केस मोकळे, भाषणाचा कागद घडी करून मागच्या खिशात! पण बोलला काय मुद्देसूद. ज्या गाण्यात छळ आणि बांधून ठेवणं आहे असा आरोप होता ते आपल्या गिटारिस्टच्या घशाच्या ऑपरेशनच्या भीतीवर आहे हे त्याने तिथेच सांगितलं. जॉन डेन्व्हर तर किती सोज्वळ गाणारा, तोही विरोधातच बोलला, कारण डोंगरांवरचं त्याचं गाणं ड्रग्जचं समजून काही रेडिओ स्टेशनांनी वाजवलं नव्हतं.

चाळकरी:
पण लेबल आलंच ना शेवटी. कंपन्यांनी त्याच वर्षी मान्य केलं आणि मग वॉलमार्टसारख्या दुकानांनी लेबलवाल्या रेकॉर्ड ठेवल्याच नाहीत. बंदी कुठेच नाही पण गावात दुसरं दुकान नसेल तर पोरांनी घ्यायचं कुठून? तुझं तेच झालंय, "वरून" म्हणजे कोण ते कुणी सांगणार नाही.

मीरा_ठाणे:
म्हणून बोलायचंच नाही का? कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये १९७६ ला प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स बँडच्या लोकांना तुरुंगात टाकलं, त्या खटल्याने लेखक-विचारवंत पेटले, नाटककार वाक्लाव हावेलसुद्धा, आणि १९७७ च्या जानेवारीत चार्टर ७७ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. आणि लांब कशाला, त्याच १९७६ ला आणीबाणीत आपल्या मुंबईचा किशोरकुमार सरकारी कार्यक्रमाला नाही म्हणाला तर आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद. माझी आई अजून चिडते त्यावरून.

जुनी_कॅसेट:
@बेसवाला_दादर स्नायडरचं जमलं कारण तो शब्द घेऊन बोलला, नुसतं स्वातंत्र्य स्वातंत्र्य नाही केलं. तू मेल टाक, गाण्याचे पूर्ण शब्द जोड, आणि कुठली ओळ, कुणाचा आक्षेप हे लेखी विचार. फोनवर बोलूच नको आता. उत्तर आलं नाही तर तोच मेल शब्दांसकट इथे टाक आणि इतर बँडना पण पाठव, त्यांच्याही याद्या तपासल्याच असतील की.

बेसवाला_दादर:
आज रात्रीच टाकतो मेल. ड्रमर अजून नाहीच म्हणतोय, त्याला हा धागा पाठवलाय.